ऑफसाइड काढलं की गोलांचा पाऊस पडेल?

"ऑफसाइड रद्द करा. गोल वाढतील, व्हीएआरची कटकट संपेल. हॉकीत जमलं, फुटबॉलमध्ये का नाही?" असा मजकूर जोरात फिरतोय. (ऑफसाइड म्हणजे पास निघताना प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात, चेंडूच्या आणि गोलरक्षक धरून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असलेल्या आक्रमकाला खेळता न येणं; व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच.) 2017 मध्ये फिफात असताना मार्को व्हॅन बास्टेन यांनीही हेच सुचवलं होतं. आघाडीवीर म्हणून ते थोरच, पण हा हिशेब जुळत नाही.

गोल वाढतील? पहिल्या मोसमात, हो. आक्रमकाच्या पुढे किमान किती प्रतिस्पर्धी हवेत, ही ऑफसाइडची अट 1925 मध्ये तीनवरून दोनवर आली आणि इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधले गोल 1192 वरून 1703 वर गेले. उताराही त्याच मोसमात निघाला: प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने सेंटर हाफला (मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला) मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. ऑफसाइड पूर्ण गेलं तर हीच माघार टोकाला जाईल. आज बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढू शकते, कारण तिच्या मागे थांबलेला स्ट्रायकर ऑफसाइड ठरतो. त्यामुळे गोलरक्षक सोडून 20 खेळाडू साधारण 35 मीटर लांबीच्या पट्ट्यात येतात. मैदानाची रुंदी 68 मीटर, म्हणजे माणशी 119 चौरस मीटर. ऑफसाइड जाऊन पट्टा 80 मीटरचा झाला की माणशी 272. एवढ्या अंतरात प्रेसिंग (चेंडू असलेल्या खेळाडूला मिळून घेरणं) टिकत नाही: पहिला चेंडूवर धावतो, पण मागचा पोचेपर्यंत पास निघून जातो. मग प्रशिक्षक प्रेसिंग सोडून पेनल्टी क्षेत्रात माणसं उभी करतील. मोकळी जागा मिळेल ती मैदानाच्या मध्यावर.

व्हीएआरचं म्हणाल तर कॉर्नर बघा. कॉर्नर, थ्रो-इन आणि गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला आजही ऑफसाइड नसतं. कॉर्नरला गोलरक्षकाला खेटून दोघं-तिघं उभे, ढकलाढकली, जर्सी ओढणं. तेच प्रत्येक लांब पासावर सुरू होईल आणि व्हीएआर रेषेऐवजी धक्के तपासत बसेल. रेषा निदान मोजता येते. धक्का किती जोराचा, हे पंचाच्या मतावर.

हॉकीने 1990 च्या दशकात ऑफसाइड काढलं, हे खरं. पण तिथे चेंडू डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) आत आक्रमकाच्या स्टिकला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत, उंच चेंडू धोकादायक ठरला की शिट्टी वाजते, आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. फुटबॉलमध्ये उंच स्ट्रायकरच्या डोक्यावर टाकलेला लांब चेंडू हाच सगळ्यात स्वस्त हल्ला ठरेल.

नियम सैलच करायचा तर आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांचा प्रस्ताव बरा: आक्रमक पूर्णपणे बचावपटूच्या पुढे असेल तरच ऑफसाइड. त्यानेही बचावफळी थोडी मागे सरकेल, पण वर चढण्याचं कारण शिल्लक राहील.