पवनचक्क्यांनी पाऊस पळतो? तो फॉरवर्ड चुकीचा आहे

सोलापूरच्या ग्रुपांवर परत तेच फिरतंय, की पवनचक्क्यांची पाती ढग ढकलून लावतात म्हणून आपल्याकडं पाऊस नाही. अहो पात्याचं टोक वर गेलं तरी दीडशे-दोनशे मीटर, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात आणि वर कित्येक किलोमीटर उंच चढलेले असतात. शिवाय पवनचक्की पंख्यासारखी वारा सोडत नाही, वाऱ्यातली ताकद काढून घेते, म्हणून तिच्या मागं वारा उलट मंदावतो. रात्री जमिनीलगतच्या तापमानात थोडा फरक पडतो हे खरंय, पण त्यानं पाऊस पळत नाही.

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, मान्सूनचे ढग घाटावरच रिकामे होतात. १९७२ चा दुष्काळ आठवा, तेव्हा कुठं होत्या पवनचक्क्या? सातारा-सांगलीकडंही २००३ च्या दुष्काळात हीच ओरड झाली होती, मग २००५ ला कृष्णेला महापूर आला तेव्हा त्याच पवनचक्क्या डोंगरावर होत्या की! जमिनीचा मोबदला, रस्ते, आवाज यावर भांडायचं असेल तर जरूर भांडा, ते मुद्दे खरे आहेत.