ओझची गोष्ट आणि सोन्या-चांदीचे भूत

‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ ही मुलांची परीकथा नसून १८९० च्या दशकातील अमेरिकेतील चलन सोन्याचे की चांदीचेही, या वादावरचे छुपे रूपक आहे, असे सांगणारा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सुवर्णमान (चलनाचे मोल सोन्याशी बांधण्याची पद्धत), नायिका डोरोथीचे चांदीचे जोडे म्हणजे चांदीची नाणी मुक्तपणे पाडण्याची मागणी, बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला कामगार, भित्रा सिंह म्हणजे चांदीच्या बाजूने लढलेले १८९६ चे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन, हिरवी पाचूनगरी म्हणजे कागदी डॉलर आणि ‘ओझ’ म्हणजे औंस या वजनाचे संक्षिप्त रूप. (१९३९ च्या चित्रपटात जोडे माणकांचे आहेत, पण मूळ पुस्तकात ते चांदीचेच आहेत, एवढा तपशील हा मजकूर बरोबर देतो.) जुळणी इतकी देखणी आहे की अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीही तिला जागा दिली. ती लेखकाच्या मनात होती, याला मात्र आधार सापडत नाही.

मुळात हा अर्थ पुस्तकाच्या वयाचा नाही. पुस्तक १९०० साली आले आणि लेखक एल. फ्रँक बॉम १९१९ साली वारले. हे रूपक तपशीलवार मांडले गेले ते १९६४ साली, हेन्री लिटलफिल्ड या न्यूयॉर्क राज्यातील शाळाशिक्षकाच्या लेखात. चलनाचा रुक्ष इतिहास विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्यासाठी त्यांनी ही क्लृप्ती योजली होती आणि शिकवण्याचे साधन म्हणून ती उत्तमच होती. पुढे १९९२ साली त्यांनीच वृत्तपत्राला पत्र लिहून, बॉम हे पॉप्युलिस्ट (म्हणजे त्या काळच्या शेतकरी चळवळीच्या) विचारांचे समर्थक होते असे मानण्यास वस्तुस्थितीचा आधार नाही, हे मान्य केले. फिरणाऱ्या मजकुरात १९६४ चा लेख असतो, १९९२ चे पत्र नसते.

बॉम शेतकरी चळवळीचे आणि ब्रायन यांचे पाठीराखे होते, हा दाव्याचा दुसरा खांब. ब्रायन यांच्यासाठी निघालेल्या मशाल मोर्चांत ते चालले होते, एवढाच त्याचा पुरावा दिला जातो. पण ज्या जुलै १८९६ मध्ये ब्रायन यांनी शिकागोत सुवर्णमानाविरुद्धचे ‘सोन्याच्या क्रूसा’चे प्रसिद्ध भाषण केले, त्याच महिन्यात शिकागोच्या ‘टाइम्स-हेराल्ड’मध्ये बॉम यांची कविता छापून आली, आणि ती ब्रायन यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकिन्ली यांच्या विजयाची वाट पाहणारी होती. त्याआधी डाकोटातील अ‍ॅबर्डीन येथे ते स्वतः चालवत असलेल्या ‘सॅटर्डे पायोनियर’ या साप्ताहिकाचा कलही रिपब्लिकन पक्षाकडेच होता. पुस्तकातल्या उडत्या माकडांत अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांविषयीची सहानुभूती शोधणाऱ्यांनी तर हेच साप्ताहिक उघडून पाहावे. डिसेंबर १८९० आणि जानेवारी १८९१ मधील दोन अग्रलेखांत बॉम यांनी त्या रहिवाशांचा समूळ नायनाट व्हावा, असे लिहिले आहे. ते वाचणे क्लेशदायक आहे, पण लेखकाला सोयीस्कर तेवढा घेऊन चालत नाही.

आता पुस्तकच पाहू. सोने वाईट आणि चांदी तारक, असे गणित मांडायचे तर पिवळा रस्ता डोरोथीला हव्या त्या ठिकाणी सुखरूप कसा नेतो? पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीचा अंत झाल्यावर गुलामीतून सुटलेले विंकी लोक डोरोथी आणि तिच्या सोबत्यांना भेटी देतात, त्या बारकाईने पाहाव्यात: कुत्र्याला आणि सिंहाला सोन्याचे पट्टे, लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीला भरीव सोन्याचा दांडा आणि सोन्याचे जडावकाम केलेली चांदीची तेलाची बुधली. लेखक चलनयुद्धात उतरला असता तर कामगाराच्या हातात त्याने हे दोन्ही धातू इतक्या निर्धास्तपणे दिले नसते. शिवाय ओझमधल्या लोकांपैकी विंकींचा देश पिवळा, मंचकिनांचा निळा आणि क्वाडलिंगांचा लाल आहे. पिवळ्याला अर्थ आणि निळ्या-लालाला काहीच नाही, हा कुठला न्याय?

पाचूनगरीतल्या हिरव्या चष्म्यांचा उगम तर चांगला सापडतो. अ‍ॅबर्डीनमध्ये बॉम यांचे दुकान बुडाले होते आणि भोवतीचे शेतकरी दुष्काळाने पिचलेले होते. त्या दिवसांत ते आपल्या साप्ताहिकात एका खाणावळवालीच्या तोंडून विनोदी सदर लिहीत. त्यात एक शेतकरी सांगतो की, आपण घोड्यांना हिरवे चष्मे लावून लाकडाचा भुसा चारतो. त्यांना ते गवत वाटते, पण अंगी काही लागत नाही. दहा वर्षांनी हाच चष्मा एका अख्ख्या शहराच्या डोळ्यांवर चढला. राजकीय टोमणा मारायचा तेव्हा बॉम तो असा उघड मारत. याच गोष्टीवरच्या १९०२ च्या संगीत नाटकात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेलसम्राट रॉकफेलर यांच्यावर नाव घेऊन विनोद होते. कोड्याआड लपण्याची त्यांना गरज नव्हती.

लाकूडतोड्याचा उगमही दुकानदारीतच सांगितला जातो. बॉम १८९७ पासून दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याच्या कलेचे मासिक चालवत होते. त्यांच्या मुलाच्या आठवणीनुसार, एका लोखंडी सामानाच्या दुकानासाठी त्यांनी पाणी तापवण्याचे पिंप, धुराड्याच्या नळ्या आणि पातेल्याचा तळ जोडून एक माणूस उभा केला होता.

प्रभावच शोधायचा असेल तर तो त्यांच्या घरात शोधावा, असे मला वाटते. सासूबाई मॅटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्री-मताधिकार चळवळीच्या अग्रणी होत्या. चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या स्त्रियांचा छळ त्यांनी १८९३ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. परीकथेत भल्या चेटकिणी आणणाऱ्या, कर्तबगार मुलीला नायिका करणाऱ्या जावयाच्या घरात त्या अनेकदा मुक्कामाला असत. त्यांच्याच ओढीने बॉम दांपत्य १८९२ साली थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले आणि शिकागोतील त्या शाखेचे नाव चक्क ‘रामायण’ होते. मुलांना सांगता त्या गोष्टी लिहून काढा, हा आग्रहही सासूबाईंचाच. मार्च १८९८ मध्ये त्या जावयाच्याच घरी वारल्या. ओझची गोष्ट छापून यायला तेव्हा दोन वर्षे बाकी होती.