तुमचा जुना बेल्ट गॅरेजमध्येच ठेवलाय

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार काल रात्री वाचली. तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की, पिकअप नुसतं ऑइल बदलायला आणली होती, आम्ही चालता टायमिंग बेल्ट काढून साडेचौदा हजारांचं बिल लावलं, ऐन आंब्याच्या सीझनात दोन दिवस गाडी अडकवली. शिवाय भाच्याची डिझेल स्विफ्ट दोन लाख पळाली, तिचा बेल्ट कोणी बदलला नाही.

आधी आमचं चुकलं ते सांगतो. तुम्हाला फोन आमच्या पोराने केला, मी दुसऱ्या गाडीखाली होतो. तो एवढंच बोलला, "बेल्ट बदलावा लागेल, करू काय?" तुम्हाला वाटलं फॅन बेल्ट, म्हणजे इंजिनाबाहेरचा साधा पट्टा, तुम्ही हो म्हणालात. या दोन कामांत किती फरक आहे आणि खर्च किती येईल, हे मी स्वतः सांगून मगच पाना लावायला हवा होता. टायमिंग बेल्टचं किट कणकवलीत मिळालं नाही, कोल्हापूरहून यायला एक दिवस गेला, तेही कळवलं नाही. तुमची वाशीची खेप बुडाली. नांदगाव तिठ्यावर गॅरेज आहे माझं, एप्रिलात एक खेप बुडणं म्हणजे काय ते रोज डोळ्यांसमोर बघतो. मनापासून माफी मागतो.

पण बेल्ट चांगला होता, हे मला मान्य नाही.

स्विफ्टच्या त्या 1.3 डिझेलला टायमिंग बेल्ट नाहीच, चेन आहे. चेन इंजिनाच्या आत ऑइलमध्ये फिरते. तुमच्या पिकअपला दातेरी रबरी बेल्ट आहे. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) दोन फेरे फिरली की कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) एक फेरा, हा हिशोब तो सांभाळतो, म्हणजे पिस्टन वर येताना व्हॉल्व, हवा-धूर आत-बाहेर सोडणारी झडप, वाटेत नसतो. डिझेल इंजिन हवा सोळा-अठरा पट दाबतं, त्यामुळे वर जागा उरतेच किती? बेल्ट तुटला किंवा चार दाते सरकला, तरी पिस्टन थेट व्हॉल्ववर आदळतो. मग इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड उतरवा, व्हॉल्व बदला, कधी पिस्टनही. तो खर्च साडेचौदा हजारांत बसत नाही.

आवाज येत नव्हता, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. फॅन बेल्ट सैल झाला की घसरतो आणि किंचाळतो. टायमिंग बेल्ट दात्यांवर चालतो, तो घसरत नाही, ओरडतही नाही. बहुतेक वेळा काही न सांगता तुटतो. म्हणून तो आवाजावर नाही, किलोमीटरवर आणि वर्षांवर बदलायचा, दोन्हींत जे आधी येईल त्यावर. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं लिहिलंय. मीटर 1,08,000 दाखवत होता, गाडी सात वर्षांची. तुम्ही ती दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलीत आणि आधीच्या मालकाने बेल्ट बदलल्याचा कागद तुमच्याकडे नाही. जुन्या गाडीचा असा कागद नसेल तर मीटर काहीही दाखवो, बेल्ट बदलून नवा हिशोब सुरू करायचा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आपल्याकडे तर मी पुस्तकातल्या आकड्याच्याही थोडं आधीच बदला म्हणतो. पावसाळ्यानंतर तुमची गाडी बंदरावर मासळी भरते, बर्फ वितळू नये म्हणून घाई, इंजिन तासभर चालूच. ते तास मीटरवर चढत नाहीत, बेल्टवर चढतात. उन्हाळ्यात पेट्या लादून फोंडा घाट. मधल्या महिन्यांत चिरेखाणीवर.

कव्हर काढलं तेव्हा आत तांबडी धूळ पुलीच्या दात्यांत घट्ट बसली होती. क्रँकचं ऑइल सील पाझरत होतं, त्या ऑइलने बेल्टची एक कड फुगून मऊ झाली होती, नख रुतत होतं. बेल्ट उलटा वाकवला की दात्याच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा दिसतात. बेल्ट ताणून ठेवणारा टेन्शनर हाताने फिरवला तर बेअरिंग खरखरत होतं. वॉटर पंपाच्या भोकाखाली सुकलेल्या कूलंटची पांढरट-हिरवी खपली होती. याच बेल्टवर फिरणारा पंप जुना ठेवून नुसता बेल्ट बदलला असता आणि सहा महिन्यांनी पंप बसला असता, तर तीच मजुरी तुम्ही पुन्हा भरली असती.

बिलात आम्ही सगळं एका ओळीत टाकलं, तेही बरोबर नव्हतं. बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाटेवर ठेवणारी पुली) मिळून 6,200. वॉटर पंप 2,900. सील आणि कूलंट 1,400. मजुरी 4,000. मजुरीत रेडिएटरचा पंखा आणि पुढची कव्हरं उतरवणं आलं, क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून पिन लावणं आलं, आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघणं आलं.

मी हट्ट का करतो तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "एवढा सीझन काढेल ना?" बेल्टची मुदत संपली होती, तरी मी म्हणालो, काढेल. आठव्या दिवशी गाडी घाटातून टोचन करून आली, मागे आंबा तसाच. आठही व्हॉल्व वाकलेले. त्याचा उरलेला सीझन माझ्या गॅरेजसमोर उभा राहून गेला आणि तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. त्यानंतर "काढेल" हा शब्द मी कोणाला दिलेला नाही.

तुमचा जुना बेल्ट, टेन्शनर आणि पंप गाडीचा नंबर लिहून खोक्यात ठेवलेत. या, हातात घेऊन बघा, पाहिजे तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा. त्या दिवसाची ऑइल बदलायची मजुरी मी परत करतो, आधी खर्च न सांगितल्याबद्दल. नव्या बेल्टची तारीख आणि किलोमीटर कव्हरवर स्टिकर लावून लिहिलेत, गाडी विकलीत तर पुढच्याला दाखवा. आणि हजार किलोमीटर झाले की एकदा घेऊन या, सील आणि पंप कोरडे आहेत ना ते बघून देतो. त्याचे पैसे नाहीत. रविवारी दुपारपर्यंत मी गॅरेजवरच असतो.