अर्ध्या दिवसात रायगड : काही उपयुक्त सूचना

रायगड पाहायला अर्धा दिवस पुरतो. याहून अधिक वेळ लागतो असे सांगणारे लोक सहसा पायी चढलेले असतात, आणि पायी चढलेल्या माणसाला आपली दमछाक वसूल करण्यासाठी गड आहे त्याहून मोठा करून सांगावाच लागतो. तुम्ही त्यांच्या नादी लागू नये. भल्या पहाटे पुण्याहून निघून ताम्हिणी उतरावी, माणगावच्या बाजूने दहाच्या सुमारास गडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी गाठावी, पाळण्यात (म्हणजे रोपवेच्या डब्यात) बसावे, वर जावे, फोटो काढावेत, खाली यावे आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा रस्त्याला लागावे, इतका हा साधा कार्यक्रम आहे. त्यात इतिहास घुसू देऊ नये. तो एकदा घुसला की संध्याकाळ होते.

तरीही पार्श्वभूमी म्हणून थोडे ठाऊक असलेले बरे. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये हा डोंगर स्वराज्यात आला, तेव्हा त्याला रायरी म्हणत. पुढे शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी तो निवडला, त्याचे मुख्य कारण असे की त्याच्यावर चढता येत नाही. कडे तासल्यासारखे सरळ आहेत, पाखराला बसायलाही त्यांवर जागा नाही, अशा अर्थाचे वर्णन महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने करून ठेवले आहे. हिरोजी इंदुलकरांनी त्यावर तटबंदी, दरवाजे, वाडे, तलाव, बाजारपेठ असे सारे उभे केले आणि वर येण्याची एकच वाट ठेवली. ती वाट अशी वळणावळणाने घेतली की येणाऱ्याचे प्रत्येक पाऊल वरून कोणाच्या तरी नजरेत राहावे. इतक्या लोकांनी इतक्या चिकाटीने तुम्हाला अडवण्याची व्यवस्था केलेली असताना तुम्ही चार-पाच मिनिटांत वर पोहोचता, ही तुमच्या कर्तृत्वाची बाब आहे, असे मानायला हरकत नाही. पाखराला जिथे बसता येत नव्हते तिथून तुम्ही वेफर्स खात, बसून जाता.

हा पाळणा (त्याला सगळे रोपवे म्हणतात, पण मी मुद्दाम पाळणाच म्हणणार आहे) गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झाला. दोराची लांबी सुमारे साडेसातशे मीटर, आणि तेवढ्यात तो चारशे मीटरहून अधिक उंची चढतो. म्हणजे प्रवास कमी आणि उचलून ठेवणे जास्त. एका बाजूचे डबे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, आणि एकमेकांच्या वजनाने दोघांचेही काम हलके होते. वाटेत मधोमध दोन्हीकडची माणसे एकमेकांसमोरून जातात. त्या क्षणी वर जाणाऱ्यांनी घोषणा द्यायची असते आणि खाली येणाऱ्यांनी फोनवर जेवणाची चौकशी करायची असते. हा क्रम उलटा करू नये.

त्याआधी मात्र रांग आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या सहलीतला सर्वांत मोठा अनुभव तोच आहे, हे आधीच मनाशी धरावे. शनिवार-रविवारी किंवा जोडून सुट्या आल्या असता ही रांग दोन तास, तीन तास, कधी त्याहूनही अधिक चालते. पायऱ्यांची वाट जवळच आहे; पायऱ्या दीड हजाराच्या आसपास भरतात आणि साधारण प्रकृतीचा माणूस थांबत, ताक पीत दोन तासांत वर पोहोचतो. रांगेत कोणी तरी हा हिशेब मांडून दाखवतोच. अशा माणसाशी बोलू नये. वेळ वाचवण्यासाठी घालवलेला वेळ हा वेळेच्या हिशेबात धरायचा नसतो, हे त्याला कळलेले नसते. मन रमवायचे असेल तर हेन्री ऑक्झेंडेनची आठवण काढावी. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, इंग्रजांचा हा वकील नजराणा घेऊन आला, तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते, आणि त्याला पायथ्याच्या पाचाडात काही दिवस ताटकळावे लागले. तुमचे तीन तास त्यापुढे काहीच नाहीत. शिवाय त्याला वर चढावे लागले, आणि चढून गेल्यावर दरवाज्यापाशी दोन हत्ती दिसले, तेव्हा हे इतक्या अवघड वाटेने वर आले तरी कसे, याचेच त्याला नवल वाटत राहिले. तुम्हाला पाहून असे नवल कोणाला वाटणार नाही, कारण तुम्ही कसे आलात हे सर्वांना दिसलेले असते.

पाचाडाचा विषय निघालाच आहे, तर तिथे जिजाऊंची समाधी आहे हे सांगितले पाहिजे. वरची हवा मानवत नाही म्हणून त्यांच्यासाठी महाराजांनी पाचाडात वाडा बांधला होता, आणि राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा-बारा दिवसांनी त्यांनी तिथेच देह ठेवला. समाधी रस्त्यालगतच आहे. गाडी थांबवली तर मागच्या गाड्या रांगेत आपल्या पुढे जातील, म्हणून चालत्या गाडीतूनच काच खाली करून नमस्कार करावा. काच खाली करावी, एवढा आदर पुरे.

आता पाळण्यात बसल्यावर काय पाहायचे ते सांगतो. ज्या कड्याशेजारून तुम्ही वर उचलले जाता, त्याच बाजूने हिरकणी उतरली असे सांगतात. दूध घालायला गडावर आलेली गवळण. दिवस मावळला, दरवाजे लागले, पहारेकरी ऐकेनात, आणि घरी तान्हे मूल पाळण्यात. तेव्हा ती कोजागरीच्या चांदण्यात कडा उतरून घरी गेली, आणि जिथून ती उतरली तिथे महाराजांनी बुरूज बांधला. या कथेला कागदाचा आधार किती आहे यावर जाणकार वाद घालतात. कड्याचा आधार मात्र भक्कम आहे, तो खिडकीतून दिसतो. ती पाळण्यातल्या बाळासाठी खाली आली, आणि आपण स्वतःच पाळण्यात बसून वर चाललो आहोत, असला विचार मनात येऊ लागला तर त्वरित डोळे मिटून घ्यावेत. उंचीची भीती वाटते असे शेजाऱ्यांना सांगता येते.

तुमच्या डब्यात समोर एखादी म्हातारी बसलेली असण्याचा संभव आहे. नऊवारी, पायांत साध्या चपला, गुडघ्याला पट्टा, आणि हातातल्या पिशवीत फुले. ती काही बोलत नाही. वर पोहोचेपर्यंत हात जोडून बसते. या पाळण्याशिवाय तिला हा गड या जन्मी दिसला नसता, आणि तो तिच्याचसाठी बांधला असावा असे क्षणभर वाटते. तिच्याकडे पाहू नये. ती दिवसभर वर राहणार आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या माणसाला अशी संगत मानवत नाही.

वर उतरल्यावर तुम्ही मेणा दरवाज्याने आत शिरता. राण्यांचे मेणे या वाटेने जात-येत असत, म्हणून हे नाव. पायी येणारा सामान्य मनुष्य महादरवाज्याने येतो. दोन थोरले बुरूज, कोरलेली कमळे, आणि बुरुजांची रचना अशी की अगदी समोर उभे राहीपर्यंत दरवाजा दिसूच नये. या सगळ्यांनी आधी त्याचा श्वास काढून घेतलेला असतो आणि मगच त्याला आत घेतलेले असते. तुम्हाला महादरवाजा दिसणारच नाही, कारण तो तुमच्या वाटेवर नाही. तो खूप खाली राहिला. एक आख्यायिका अशी आहे की गड बांधून झाल्यावर महाराजांनी दवंडी पिटवली, दरवाज्याखेरीज दुसऱ्या वाटेने जो वर येऊन दाखवील त्याला होनांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. एकजण खरोखरच चढून आला, बक्षीस घेऊन गेला, आणि ती वाट लगेच बंद करण्यात आली. तुम्हीही महादरवाज्याखेरीजच आलात. फरक एवढाच की तेव्हा वर येणाऱ्याला पैसे मिळाले होते.

वर आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा : ‘राजवाडा कुठे आहे?’ बहुतेक वेळी हा प्रश्न राजवाड्यातच उभे राहून विचारला जातो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून मारा केला, वाड्यांना आग लागली आणि गड पडला. त्यामुळे आज तुम्हाला जोती, चौथरे आणि भिंतींचे उरलेले भाग दिसतात. ‘इथे तर नुसते दगडच आहेत’ हे वाक्य या ठिकाणी मोठ्याने म्हणण्याचा प्रघात आहे. वाटाड्या जवळ असेल तर त्याच्याकडे पाहून म्हणावे, म्हणजे जाळपोळीला तोच जबाबदार होता असे त्यालाही वाटू लागेल.

राजसदरेवर थोडे थांबायला हरकत नाही, कारण तिथे मेघडंबरी (सिंहासनाच्या जागेवरची छत्री) आहे आणि फोटो चांगला येतो. नगारखान्याच्या बाजूला हळू आवाजात बोलले तरी सिंहासनाच्या जागी ते ऐकू येते, अशी या जागेची ख्याती आहे. याची खात्री करून घेण्यासाठी एकाच वेळी चाळीस माणसे दोन्ही टोकांना उभी राहून ‘आवाज येतोय का?’ असे ओरडत असतात, आणि आवाज येतो. हळू बोलून पाहण्याची संधी या ठिकाणी शेवटची कधी मिळाली असेल, हे सांगणे कठीण आहे.

होळीचा माळ आणि बाजारपेठ ओलांडली की बहुतेक अर्धदिवसीय मंडळी परत फिरतात. हे शहाणपणाचे आहे. पुढे जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी आहे खरी, पण तिथवर ऊन आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये झाडोऱ्यातून ही समाधी शोधून काढली, तेव्हा तिथे पाटी नव्हती, बाण नव्हता, सावलीला तंबू नव्हता. आज सारे काही आहे, म्हणून समाधी जागेवरच आहे असा विश्वास ठेवून अर्ध्यातून परतता येते. गेलातच, तर मंदिरापाशी एक पायरी आहे; तिच्यावर ‘सेवेचे ठायी तत्पर’ असे कोरून हिरोजीने आपले नाव ठेवले आहे. एवढी राजधानी बांधणाऱ्या माणसाने नावासाठी जागा मागितली ती पायरीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली. मोबाइलला रेंज येते का हे पाहत पाहत तिच्यावरून जावे, म्हणजे त्याची इच्छा आपोआप पूर्ण होते.

आता डोंगरांविषयी, कारण तुमच्या घरच्यांना सहलीचे कारण ‘वरून डोंगर फार सुंदर दिसतात’ असेच सांगितलेले असणार. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेकडे लिंगाण्याचा सुळका अंगावर आल्यासारखा दिसतो. शिवकाळात तिथे कैदी ठेवत. त्याच्या मागच्या बाजूला सह्याद्रीची मुख्य रांग, आणि तिच्यापलीकडे तोरणा व राजगड. राजगड ही आधीची राजधानी. एका राजधानीवरून दुसरी दिसावी, मधे एवढे दऱ्याखोऱ्यांचे रान असावे, आणि ते सगळे सामान, दप्तरे, माणसे, जनावरे या वाटांनी इकडे आली असतील, असा विचार करत कित्येक लोक तिथे तासभर बसून राहिलेले मी पाहिले आहेत. त्यांची बस चुकते. तुम्ही डोंगरांकडे पाठ करून उभे राहावे. फोटोत ते मागे येतात आणि घरी गेल्यावर मोठे करून पाहता येतात. नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही. टोकदार दिसेल तो लिंगाणा, बाकी सारे तोरणा. पावसाळ्यात ढगांमुळे यातले काहीच दिसत नाही, तेव्हा पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवून हीच नावे घ्यावीत. कोणी हरकत घेत नाही. वारा वाढला तर पाळणा थांबवतात, आणि मग मात्र पायऱ्यांनी उतरण्याची नामुश्की ओढवते. अशा वेळी महादरवाजा दिसण्याचा धोका असतो.

ताक विकणारी बाई भेटेल. रिकाम्या हातांनी पाळण्यातून आलेल्या माणसाने तिच्याशी भावासाठी घासाघीस अवश्य करावी आणि पाच रुपये कमी करून घ्यावेत. हिरकणीच्या धंद्यातली माणसे आजही गडावर आहेत, हे त्या निमित्ताने मुलांना दाखवता येते.

खाली आल्यावर लगेच फोटो टाकावेत. शब्द नीट निवडावेत. ‘गडावर गेलो’ हे फारच मिळमिळीत वाटते, ‘गड चढलो’ म्हटले तर कोणी साक्ष काढील; म्हणून ‘रायगड सर केला’ असे लिहावे. सर करणे या क्रियापदात पाय येत नाहीत, हा मराठीचा मोठेपणा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात रायगडही आहे. तेव्हा शेवटी ‘आपला वारसा, आपली जबाबदारी’ असे जोडावे. वेफर्सची पिशवी तोवर गडावरच राहिलेली असते, पण ती फोटोत येत नाही.

एवढे करूनही सोमवारी कचेरीत एखादा सहकारी भेटतोच, जो दरवर्षी पायऱ्यांनी जातो. तो तुमचे सारे फोटो शांतपणे पाहील आणि विचारील, ‘महादरवाजा कसा वाटला?’ गडबडून जाऊ नये. आम्ही गेलो तेव्हा तो बंद होता, असे त्याला सरळ सांगावे. हिरकणीलाही त्या दिवशी हेच उत्तर मिळाले होते.