हिजामाआधी विचारपूस का? एका प्रतिक्रियेला उत्तर

अस्सलामु अलैकुम भाई,

हिजामा म्हणजे कातडीला बारीक चिरे देऊन कपानं रक्त ओढणं. त्याआधी माणसाची विचारपूस करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हिजामा सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, शिफा (बरं होणं) अल्लाह देतो, आणि मी हिमोग्लोबिन विचारून, गोळ्या विचारून गरिबांना घाबरवते. तुमच्या गावात चांदाच्या (इस्लामी महिन्याच्या) 17 तारखेला मोफत शिबिर होतं आणि आजवर कुणाला काही झालं नाही.

शिफा अल्लाहच देतो, यात आपला वाद नाही. मधाचा घोट, हिजामाचं पातं आणि डागणी या तिन्हींत शिफा आहे, ही बुखारी या हदीससंग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) मलाही पाठ आहे. पण हुजूर पैगंबर (स.) यांनी हिजामा करवून घेतला तो अबू तैबा यांच्याकडून, ज्यांचा तो पेशाच होता, आणि त्यांना मजुरीही दिली. अबू दाऊद या दुसऱ्या हदीससंग्रहात तर साफ आहे: ज्याला वैद्यकी येते असं कुणाला माहीत नाही, तो इलाज करायला बसला तर नुकसानीचा जामीन तोच. जुन्या काळचे मोठे हकीम इब्न सीना यांनीही दोन वर्षांखालच्या लेकरांना आणि साठीपुढच्यांना हिजामा नको म्हटलंय. विचारपूस मी नव्यानं आणलेली नाही.

आता आपल्या बीडकडचं बघा. एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात. बायकांची पाठ, मान, खांदे सगळं धरलेलं असतं. शिबिराचं कळलं की त्या उपाशीपोटी, चाळीस डिग्रीच्या उन्हात चालत येतात. कितीतरी जणींच्या अंगात रक्त आधीच कमी. अशा बाईच्या पाठीला चिरे देऊन आणखी रक्त काढायचं, आणि तिला भोवळ आली की ‘खराब खून निघाला’ म्हणायचं? तिला चिरा न देता नुसते कप लावा, तेही हलक्या हातानं, आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवा. पाठदुखी-मानदुखीत हिजामानं काहींना आराम पडतो, हे मी रोज बघते. शुगर किंवा किडनीची औषधं सोडून हिजामा करा असं सांगणारे मात्र माणसं मारतील.

‘काही झालं नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. हिपॅटायटिस बी आणि सी या रक्तातून पसरणाऱ्या लिव्हरच्या आजारांची लागण झालेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. कप डेटॉलच्या पाण्यात खंगाळून पुढच्याच्या पाठीवर लावला, तर त्याच्या अंगात काय गेलं ते तुम्हाला कसं दिसणार? दहा वर्षांनी लिव्हर खराब निघालं तर त्या माणसाला तुमचं शिबिर आठवेल तरी का?

हृदयात स्टेंट बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात. रक्त थांबत नाही म्हणून चिरे टाळायचे. हिजामासाठी गोळ्या परस्पर बंद करायला सांगायचं नाही. गरोदर बाई, रक्त न गोठण्याचा आजार असलेला, जखम लवकर न भरणारा शुगरचा पेशंट, यांनाही पातं लावू नका.

शिबिर बंद करा असं मी कुठंच लिहिलेलं नाही. 17 तारीखही तुमचीच राहू द्या. फक्त नोंदणी असलेला युनानी डॉक्टर बसवा, माणशी नवा कप, नवं पातं, नवे हातमोजे ठेवा, आणि वापरलेली पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकून दवाखान्याच्या कचऱ्याच्या गाडीत द्या. कप संपले की उरलेल्यांना पुढच्या महिन्याची तारीख द्या. धुवून पुन्हा लावू नका. पुढचं शिबिर कधी आहे ते कळवा. बायकांची तपासणी मी येऊन करते, त्याचे पैसे नकोत.