जवळच तर आहे न!

मे महिन्यात माझ्या पँटच्या उजव्या खिशात कांदा असतो. सकाळी डब्याबरोबर आई तो हातात देते. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असं तिचं ठाम मत. कांदा ऊन कसं अडवतो, हे मी कधी विचारलं नाही, कारण पंचेचाळीस डिग्रीत वाद घालणाऱ्यालाच आधी ऊन लागतं. तोंडाला दुपट्टा, त्यावर गॉगल, त्यावर हेल्मेट, हातात सुती मोजे, खिशात कांदा. या वेशात मी निघालो की गल्लीतली कुत्री आता भुंकत नाहीत. पहिली दोन वर्षं भुंकायची.

घर नागपूरच्या नंदनवनात, नोकरी बुटीबोरीला. नंदनवनातून रोज सकाळी आपल्याच पायानं, कोणी शाप न देता बाहेर पडणारा मी बहुधा एकटाच. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. मेडिकल चौक, अजनी, मग वर्धा रोड. तिथं तो सुप्रसिद्ध डबल डेकर पूल लागतो, वर मेट्रो, मधे गाड्या आणि खाली आपलं नशीब. लांबी ३.१४ किलोमीटर. गणितातल्या पायचीच किंमत. मधल्या मजल्यावरून गेलं तर चटकन संपतो. चुकून खालून गेलात, की पायसारखाच दशांशचिन्हानंतर चालूच राहतो. पुढं चिंचभुवन, खापरी, जामठा. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली तर बुटीबोरीहून परत येण्यापेक्षा तिकीट काढून आत बसलेलं बरं.

"मग मेट्रोनं काऊन नाही जात बे?" असं विचारणारा माणूस दर लग्नात भेटतो. गेलो न! आंबेडकर चौकात बसलो, सीताबर्डीला गाडी बदलली, थंडगार हवेत खापरीला उतरलो. तिथं मेट्रो संपते, बुटीबोरी नाही संपत. पुढं शेअर ऑटो. त्यात तीन जण सीटवर, दोन जण ड्रायव्हरच्या मांडीवर म्हटलं तरी चालेल. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण आणि दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी एकाच दिवशी केली. दुसरा टप्पा बुटीबोरीपर्यंत जाणार आहे. माझ्या रिटायरमेंटला अजून एकोणीस वर्षं आहेत, तेव्हा दोघांत शर्यत लागलेली आहे असं मी धरून चालतो.

तर अशात मस्कासाथ बाजारातल्या एका मसाल्याच्या शेठजींचा निरोप आला. हिशेबाला भरवशाचा माणूस पाहिजे. घरापासून दुकान साडेतीन किलोमीटर. पगार २६,०००. बुटीबोरीत माझ्या हातात ३४,००० येतात.

मी अकाउंट्सचा माणूस. निर्णय मनानं घेत नाही, कागदावर घेतो. रात्री कूलरसमोर कागद उडू नये म्हणून त्यावर तोच कांदा ठेवला आणि मांडायला बसलो. फरक आठ हजाराचा. आता बुटीबोरीचा खर्च: महिन्याला पंधराशे किलोमीटर, गाडी देते पन्नासचा अ‍ॅव्हरेज, म्हणजे तीस लिटर पेट्रोल, झाले एकतीसशे. पंक्चर-सर्व्हिसिंग पाचशे. बुटीबोरी चौकातले तर्री-पोहे आणि चहा, एक हजार. एकूण ४,६००. आठातून गेले, उरले ३,४००. रोजचे जाण्यायेण्याचे दोन तास वीस मिनिटं, पंचवीस दिवस, म्हणजे ५८ तास. ३,४०० भागिले ५८, उत्तर ५८ आणि वर थोडे पैसे. ५८ तास, तासाला ५८ रुपये! दोन्ही बाजूंना एकच आकडा आला की अकाउंट्सच्या माणसाचा गळा भरून येतो. म्हणजे मी माझ्या आयुष्याचा एक तास दोन प्लेट तर्री-पोह्यांत विकत होतो.

"आणि पीएफ?" बायको म्हणाली. ती शिलाईचं काम करता करता सगळं ऐकत असते.

शेठजींना फोन केला. "पीएफ?" ते मोठ्यांदा हसले. "अरे भाऊ, यहाँ तो घर जैसाच है!" त्यांच्याकडे माणसं नऊ. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागतो. घर जैसाच असल्यामुळे ते विसाव्या माणसापर्यंत कधी जाणारच नव्हते. म्हणजे माझे १,८०० आणि कंपनीचे १,८०० हेही गेले. ३,४०० चे झाले ७,०००. तासाला १२०. चार प्लेट.

"आणि पोहे काऊन धरले खर्चात?" बायको पुन्हा. "बुटीबोरी सोडली म्हणून तुम्ही पोहे सोडणार हाय का?"

खरंच होतं. ते हजार परत मिळवले. सातात एक, आठ हजार. रात्री साडेअकरापर्यंत बेरीज-वजाबाकी करून मी जिथून निघालो होतो त्याच आठ हजारावर येऊन उभा होतो. कांदा उचलला, कागद उडून गेला.

शेठजी समजूतदार. म्हणाले, आठ दिवस बसून बघा. कंपनीत रजा टाकली, कारण लिहिलं 'घरगुती'. घर जैसाच होतं, त्यामुळे खोटं बोललो असं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी साडेनऊला उठलो. स्वर्ग! पावणेदहाला निघालो. साडेतीन किलोमीटरमधले पहिले अडीच सात मिनिटांत झाले. उरलेल्या एकाला मस्कासाथनं पस्तीस मिनिटं घेतली. समोर हातठेला, त्यावर जिऱ्याची पोती. बाजूला छोटा हाथी टेम्पो उलटा येऊन राहिलेला. मधे ई-रिक्षा, तिच्यात बसलेल्या बाई भाव विचारत होत्या, ई-रिक्षावाल्यालाच. गाडी लावायला जागा सापडली ती इतकी मागं, की तिथून घरच जवळ पडलं असतं.

दुकानाबद्दल एकच गोष्ट सांगतो. माझ्या गादीच्या मागं भलामोठा कूलर होता. शेठजींनी खास माझ्यासाठी नवीन ताट्या बसवून घेतल्या होत्या. त्या कूलरच्या मागं गोडाऊनचं दार, आणि दारात लाल मिरचीची चाळीस पोती. कूलरनं हवा कुठून ओढायची? तो मिरचीतून ओढायचा आणि ओली करून माझ्या मानेवर सोडायचा. पहिल्या एन्ट्रीला मी शिंकलो. दुसऱ्या एन्ट्रीला डोळे गळायला लागले. एक वसुलीवाला व्यापारी आला, माझे डोळे बघून उधारी मागायला लाजला आणि 'नंतर येतो' म्हणून निघून गेला. शेठजींना तो गुण फार आवडला.

पण मिरची सहन झाली असती हो. सहन झालं नाही ते 'जवळच'.

मी बुटीबोरीत असताना घरचा सिलिंडर संपला तर तो कुणाचा तरी प्रश्न असायचा. माझा नसायचा, कारण मी तीस किलोमीटरवर. मेहुण्याला स्टेशनवर सोडणं, मुलीची विसरलेली वही शाळेत पोचवणं, आईला डोळे दाखवायला नेणं, या सगळ्यावर माझं एकच उत्तर होतं, "मी बुटीबोरीला आहे न." आणि समोरून एक सुस्कारा यायचा. त्या सुस्काऱ्यात केवढी सहानुभूती होती हे आता कळलं.

मस्कासाथच्या दुसऱ्या दिवशी अकराला फोन. "अहो, सांभार राहिला. जवळच तर आहे न!" (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.) दुपारी जेवायला घरी गेलो तर आईनं विजेचं बिल हातात दिलं. चार वाजता मेहुणा. म्हणजे ज्याची गाडी चारला होती, तो पावणेचारला.

बरं, शेठजींनाही मी तितकाच जवळ होतो. रात्री साडेनऊला ताटावर बसलो की त्यांचा फोन. "भाऊ, शटरला कुलूप लावलं का नाही आठवून नाही राहिलं. जरा बघून येता? जवळच तर आहे!" गेलो. कुलूप लावलेलं होतं. फोन करून सांगितलं. म्हणाले, "ओढून पाहिलं का?"

तिसऱ्या दिवशी बातमी शेजारच्या काकूंना लागली. मे महिना, म्हणजे घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला करायचे दिवस. मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडचा माणूस आपल्याच गल्लीत राहतो, ही गोष्ट पाणीटंचाईत टँकर यावा तशी पसरली. काकूंना दोन किलो धने. वरच्या माळ्यावरच्या वहिनींना भिवापुरी मिरची, देठ काढलेली. कोपऱ्यावरच्या ताईंना फक्त शंभर ग्रॅम दगडफूल, पण "चांगलं पाहून, तुम्ही तर तिथलेच." शुक्रवारी माझ्या गाडीवर पुढं एक थैला, मागं दोन, आणि हँडलला सांभार. पैसे मी भरले होते. आमच्या गल्लीत देणं-घेणं लिहून ठेवायची पद्धत नाही, लिहिलं की माणसं दुखावतात. मी अकाउंट्सचा माणूस, तरी सतराशे चाळीस रुपये मनातच ठेवले. त्यातले सहाशे आले. दगडफूल 'जरा जुनं वाटलं' म्हणून परत आलं.

शनिवारी बायकोनं माझा शर्ट चिमटीत धरून बादलीत टाकला आणि शिंकत म्हणाली, "तुम्ही बुटीबोरीलाच बरे दिसत होता."

शेठजींना नाही म्हणायला जीव तुटला. माणूस वाईट नव्हता. त्यांनीही ऐकून घेतलं, मान हलवली, चहा पाजला. मग म्हणाले, "नंदनवनकडंच जाऊन राहिले न? हे एक पार्सल तेवढं द्या वाटेत."

सोमवारी पहाटे पुन्हा दुपट्टा, गॉगल, हेल्मेट, मोजे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागायला चारच दिवस होते, तरी गाडी सुरू करताना मी चक्क गुणगुणत होतो. तीस किलोमीटर! मधे कोणाचा सांभार नाही, कोणाचं शटर नाही. फोन वाजला तरी हेल्मेटमध्ये ऐकूच येत नाही.

फाटकाशी काकू उभ्या होत्या. चेहरा पडलेला.

"सोडलं म्हणे मसाल्याचं?"

"हो काकू. परत बुटीबोरी."

"अरेरे. धने चांगले होते हो." थोडा वेळ त्या माझ्या गाडीकडे बघत राहिल्या. "तुमच्या त्या कंपनीत काय बनते म्हणता?"

"नट-बोल्ट."

काकूंचा चेहरा हळूहळू उजळला. "थांबा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून माझ्या उजव्या खिशात कांदा असतो आणि डाव्या खिशात काकूंच्या बंगईचा, म्हणजे झोपाळ्याचा, जुना बोल्ट, मापासाठी.