एका आयटमचं बिल आणि ‘दहा ओळींत एक्सएमएल’

हिंजवडी-खराडीच्या डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला, आणि तिघांनीही खाली ‘लाईक’चा अंगठा टाकला होता. मजकूर साधारण असा:

“एक्सएमएल मेलं. आता सगळीकडे जेसन. जुन्या सिस्टिमकडून एक्सएमएल आलंच, तर पार्सर शिकत बसू नका. एखादी व्हॅल्यू हवी असेल तर रेजेक्सने उचला. सगळंच हवं असेल तर सिम्पलएक्सएमएलने वाचा, जेसन करा, जेसनचा ॲरे करा, दहा ओळींत काम खलास. क्लास-बिस लिहिणं ही जावावाल्यांची हौस. फाईल मोठी असेल तर मेमरी लिमिट वाढवा. आणि सिक्युरिटीचं टेन्शन नको, शेवटी तो नुसता टेक्स्ट आहे.”

यातला ‘दहा ओळी’चा सल्ला मी स्वतः वापरलाय, पगार घेऊन. म्हणून हे लिहितोय. नवख्यांसाठी: एक्सएमएल आणि जेसन म्हणजे एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडे माहिती लिहून पाठवायच्या दोन पद्धती. ती माहिती नियमाने वाचून देतो तो पार्सर; सिम्पलएक्सएमएल हा पीएचपी या भाषेतला असाच एक तयार पार्सर. रेजेक्स म्हणजे मजकुरात ठराविक नमुना शोधायची खूण, ॲरे म्हणजे माहितीची यादी किंवा कप्पे, आणि क्लास म्हणजे एका प्रकारच्या माहितीसाठी आपण लिहिलेला साचा.

आधी ‘मेलं’चं बघू. हा फॉरवर्ड वाचता वाचता तुम्ही टपरीवर चहाचे पैसे यूपीआयने दिले असतील, तर त्या व्यवहाराचा निरोप बँक आणि एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) यांच्यात एक्सएमएलमध्येच गेला, तोही डिजिटल सही करून. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस (मोठ्या रकमा पाठवायची व्यवस्था) २०१३ पासून आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या संदेशांवर चालते, तेही एक्सएमएलच. वर्डची फाईल झिप म्हणून उघडून बघा, आत काय निघतं ते. एक्सएमएल १.० हे फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालं, म्हणजे वयाने ते आपल्या बऱ्याच टीम लीडच्या बरोबरीचं आहे. दुसरी बाजूही खरी. जीएसटी रिटर्नची फाईल जेसन असते, आणि इन्कम टॅक्सच्या रिटर्ननेही २०२१ मध्ये एक्सएमएल सोडून जेसन धरलं. आज नवा एपीआय (सॉफ्टवेअरला सॉफ्टवेअरशी बोलायचा दरवाजा) काढायचा तर मीही जेसनच घेईन. पण वाद तो नाहीच. समोरून एक्सएमएल येतंय आणि समोरच्याला बदलणं आपल्या हातात नाही, तेव्हा काय करायचं एवढाच प्रश्न आहे.

आता ज्याच्याभोवती सगळं फिरतं ते बिल. रविवार पेठेत बोहरी आळीच्या तोंडाशी हार्डवेअरच्या एका होलसेल दुकानाचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री बिलं एक्सएमएलमध्ये बाहेर पडायची आणि मी ती त्यांच्या वेबसाईटवर गिऱ्हाइकांना दाखवायचो. टॅगांची, म्हणजे कोनी कंसातल्या खुणांची, नावं इथे मराठीत केली आहेत. एक्सएमएलला त्याचं वावडं नाही, देवनागरी टॅग पूर्ण कायदेशीर.

<बिल क्रमांक="११८">
  <आयटम>
    <नाव>नट &#38; बोल्ट</नाव>
    <नग>२४</नग>
    <दर युनिट="डझन">९६</दर>
  </आयटम>
</बिल>

(खऱ्या फाईलमध्ये आकडे इंग्रजी असतात, आणि असावेत. पीएचपीला ‘९६’ या देवनागरी मजकुराचा आकडा करायला सांगितलं तर शून्य मिळतं.)

या बिलावर रेजेक्स चालवा. नावात ‘अँड’च्या चिन्हाऐवजी त्याचा आकडी कोड जसाच्या तसा हातात येईल, कारण तो उलगडणं हे पार्सरचं काम, रेजेक्सला त्याचा पत्ताच नाही. कोणी जुना आयटम कॉमेंटमध्ये (पार्सरने सोडून द्यायच्या भागात) टाकून ठेवला असेल तर रेजेक्स तोही इमानाने उचलेल. अॅट्रिब्यूटभोवती (टॅगच्या कंसातच लिहिलेली जादा माहिती, जसं वरचं ‘युनिट’) दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी आलं, किंवा दर रिकामा असल्यामुळे टॅग स्वतःच बंद झाला, की पॅटर्न गप्प. एक्सएमएलच्या दृष्टीने या सगळ्या फाईली सारख्याच बरोबर. शिवाय टॅग मराठी असतील तर आणखी एक गंमत: ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून आपण जी खूण वापरतो, तिच्यात काना-मात्रा-वेलांट्या कित्येक इंजिनांत बसत नाहीत. पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समध्येही नाही. ‘बिल’मधला ‘ब’ सापडतो आणि वेलांटीवर गाडी अडते.

रेजेक्सची चूक निदान लवकर तरी दिसते. ‘जेसन करा, मग ॲरे करा’ ही युक्ती जास्त वाईट, कारण ती चालते. माझ्याकडे चार महिने चालली. टेस्टला घेतलेल्या बिलांत पाच-सात आयटम होते, ‘आयटम’ खाली त्यांची यादी यायची, लूप फिरायचा, पान दिसायचं.

मग दुकानातल्या दिवाणजींचा फोन आला. वय सत्तरीचं, आवाज शनिवार पेठेचा.

“साहेब, एकच माल नेला की आपण गिऱ्हाइकाला तो फुकट देतो का?”

“नाही हो काका. का?”

“मग वेबसाईटवर तीन कोऱ्या ओळी आणि खाली शून्य रुपये का दाखवताय?”

कारण असं की, त्या युक्तीत एकाहून जास्त ‘आयटम’ असले तर यादी बनते, एकच असला तर यादी बनतच नाही. त्या एका आयटमचा थेट ॲरे मिळतो, त्याच्या किल्ल्या, म्हणजे कप्प्यांची नावं: नाव, नग, दर. माझा लूप त्यालाच यादी समजला आणि तीन ‘आयटम’ फिरला: एक मजकूर ‘नट & बोल्ट’, एक मजकूर ‘२४’, एक मजकूर ‘९६’. त्यांच्यात ‘नाव’ शोधलं, मिळालं नाही. आणि मी शहाणपणाने प्रत्येक ठिकाणी ‘नसेल तर रिकामं, नसेल तर शून्य’ अशी सोय केलेली. त्यामुळे एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही, फक्त तीन कोऱ्या ओळी.

मी ‘एकच असेल तर यादीत गुंडाळ’ असं ठिगळ लावलं. आठवड्याने पुन्हा फोन. १९२ रुपयांचं बिल आता २३०४ दिसत होतं. चोवीस नग, दर डझनाला ९६. मी चोवीसला सरळ ९६ ने गुणलं होतं. युनिट बघायचं मी विसरलो नव्हतो. ते ॲरेत नव्हतंच. ज्या टॅगमध्ये मजकूर आणि अॅट्रिब्यूट दोन्ही असतात, त्याचं जेसन करताना मजकूर तेवढा राहतो, अॅट्रिब्यूट गळून पडतं, तेही आवाज न करता. त्यानंतर बसून या युक्तीत आणखी काय काय सांडतं ते पाहिलं: सीडेटामधला, म्हणजे ‘जसाच्या तसा घ्या’ अशी खूण केलेला मजकूर (पार्सरला वेगळा फ्लॅग, म्हणजे पर्याय, दिला नाही तर रिकामा येतो), नेमस्पेसचा (टॅग कोणत्या संचातला ते सांगणारा) प्रिफिक्स लावलेले टॅग सगळेच्या सगळे, आणि वेगवेगळ्या टॅगांचा आपसातला क्रम.

वाईट हे की जेसनमध्ये जाण्यापूर्वी हे सगळं हातात होतं. सिम्पलएक्सएमएलच्या ऑब्जेक्टवर $बिल->आयटम असं लिहून लूप फिरवला (पीएचपीला देवनागरी प्रॉपर्टी चालते), तर आयटम एक असो की पन्नास, लूप तितकेच फेरे घेतो. दरावर चौकटी कंसात ‘युनिट’ मागितलं की युनिट मिळतं. म्हणजे जी सोय पार्सर फुकट देत होता, ती टाकून द्यायला मी दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या.

‘क्लास ही जावावाल्यांची हौस’ याचं उत्तर इथेच सुरू होतं. सिम्पलएक्सएमएलचा ऑब्जेक्ट दिसतो साध्या ऑब्जेक्टसारखा, वागतो मात्र वेगळा. $आयटम->नाव म्हणजे मजकूर नव्हे, तोही एलिमेंटच, म्हणजे टॅग आणि त्याच्या आतलं सगळं. तीन बरोबरच्या चिन्हांनी मजकुराशी तुलना केली तर उत्तर कायम ‘नाही’. सेशनमध्ये (वापरणाऱ्याच्या तात्पुरत्या साठवणीत) ठेवायला गेलात तर एक्सेप्शन (प्रोग्राम थांबवणारी चूक), कारण तो सिरियलाइज होत नाही, म्हणजे साठवता येईल असा मजकूर त्याचा बनत नाही. ज्याच्या आत काहीच नाही आणि अॅट्रिब्यूटही नाही असा एलिमेंट ‘इफ’मध्ये खोटा ठरतो, त्यामुळे ‘फाईल वाचता आली नाही’ आणि ‘फाईल रिकामी होती’ यांतला फरक पुसला जातो. ब्राउझरमधल्या डीओएमपार्सर या तयार पार्सरची तऱ्हा निराळीच: बिघडलेल्या एक्सएमएलवर तो एक्सेप्शन फेकत नाही, ‘पार्सरएरर’ नावाचा एलिमेंट असलेलं डॉक्युमेंट निमूटपणे हातात देतो. ही सगळी तऱ्हेवाईकपणाची यादी अॅप्लिकेशनच्या चाळीस फाईलींना माहीत असायची गरज नाही. एका क्लासला असली की पुरे. माझ्याकडे आता ‘बिल’ आणि ‘बिलओळ’ असे दोन साधे क्लास आहेत आणि एक वाचक क्लास. एक्सएमएल फक्त तो वाचक बघतो. आत एलिमेंट जातात, बाहेर खरा मजकूर, खरा आकडा आणि युनिट येतं. युनिट ओळखीचं नसेल तर तो तिथेच ओरडतो. एकूण नव्वदेक ओळी झाल्या. दहाच्या नऊपट, मान्य.

‘नुसता टेक्स्ट’ हे वाक्य मात्र फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक. एक्सएमएलच्या सुरुवातीला डॉकटाइपमध्ये आपल्या एंटिटी जाहीर करता येतात, म्हणजे छोटं नाव देऊन मोठा मजकूर. एका एंटिटीत दुसरी दहा वेळा, तिच्यात तिसरी दहा वेळा, अशा नऊ पायऱ्या रचल्या की एक किलोबाइटच्या आतली फाईल उलगडताना शंभर कोटी तुकडे होतात आणि सर्व्हर आडवा. यालाच ‘बिलियन लाफ्स’ म्हणतात. दुसरा प्रकार: एंटिटीत सर्व्हरवरच्याच एखाद्या फाईलचा पत्ता द्यायचा, बेसावध पार्सर ती वाचून मजकुरात घालतो. ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०१७ च्या पहिल्या दहा धोक्यांत याला स्वतंत्र चौथा क्रमांक होता.

पीएचपी ८ मध्ये बाहेरच्या एंटिटी आपोआप लोड होत नाहीत, हे खरं. पण ‘नोएंट’ नावाचा एक फ्लॅग आहे. नाव वाचून वाटतं की एंटिटी बंद होतील. होतं बरोबर उलटं: त्याने एंटिटी उलगडणं चालू होतं. सुरक्षेसाठी म्हणून हा फ्लॅग लावलेला कोड मी दोनदा रिव्ह्यूमध्ये पकडलाय. जावाचा नेहमीचा पार्सर, डॉक्युमेंटबिल्डर, डॉकटाइप खुशाल वाचतो. नको असेल तर तसं सांगावं लागतं.

मेमरीचं थोडक्यात. डीओएम (पीएचपीचा दुसरा पार्सर) आणि सिम्पलएक्सएमएल फाईलचं अख्खं झाड मेमरीत उभं करतात, फाईलच्या कित्येक पट जागा खाऊन. पीएचपीचं लिमिट मुळात १२८ एमबी. वाढवून वाढवून किती वाढवाल? वर्षअखेरीची फाईल आली की पुन्हा तेच. एक्सएमएलरीडर हा तिसरा पार्सर फाईलवर पुढे पुढे सरकतो. ‘आयटम’ दिसला की तेवढाच तुकडा सिम्पलएक्सएमएलला द्यायचा, ऑब्जेक्ट बनवून जनरेटरने (एका वेळी एकच वस्तू देणाऱ्या फंक्शनने) बाहेर सोडायचा आणि विसरायचं. जावात हेच स्टॅक्स नावाच्या पार्सरने होतं.

रेजेक्सच्या बाबतीत एका ठिकाणी फॉरवर्डवाल्याला माझा पूर्ण पाठिंबा. त्या दुकानाच्या सॉफ्टवेअरच्या फाईलीत मधूनच चौथ्या क्रमांकाच्या कंट्रोल कॅरेक्टरचा (न दिसणाऱ्या चिन्हाचा) संदर्भ, म्हणजे आकडी कोड, यायचा. एक्सएमएल १.० मध्ये बत्तीसच्या खालचे टॅब आणि ओळ बदलणारे दोन, असे तीनच चालतात. बाकीचे दिसले की पार्सर फाईल नाकारतो, आणि त्याचं बरोबरच आहे. ती फाईल एक्सएमएल नव्हतीच. समोरची कंपनी दुरुस्त करेना, रात्रीचा जॉब थांबवता येईना. शेवटी वाचक क्लासच्या तोंडाशी, पार्सरच्या हातात फाईल जाण्याआधी, एका रेजेक्सने ते संदर्भ पुसून टाकतो. ती ओळ अजून तिथेच आहे, आणि शेजारी टेस्टच्या फोल्डरमध्ये पहिली फाईल बिल क्रमांक ११८.